अंगावरून वारं गेलं, तेव्हा घड्याळात किती वाजले होते?

आमच्या आबांना लकव्याचा झटका आला तो पहाटे साडेपाचला. चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका बाजूने गळायला लागलं. आईला वाटलं, अजून झोपेत आहेत. मग हातातला तांब्या निसटला. आबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काही नाही, पित्त झालंय." जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं. आईने चहा दिला, तो ठसका लागून नाकातून आला. शेजारचे तात्या धावत आले, त्यांनी तळपायांना तेल चोळलं. गल्लीतला दवाखाना दहाला उघडतो म्हणून आम्ही दहाची वाट पाहिली. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि लगेच सांगितलं, सीटी स्कॅन लागेल, जिल्ह्याला न्या. गाडी ठरवून, पैशांची जुळवाजुळव करून पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटचे धडधाकट कधी पाहिले?" मी म्हणालो, पहाटे. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कागद लिहायला घेतला.

त्या साडेसात तासांत आम्ही कुणीच आबांचं वाईट चिंतलं नव्हतं. जे ठाऊक होतं ते केलं. हा लेख त्या साडेसात तासांबद्दल आहे, आणि त्याआधीच्या दहा वर्षांबद्दलही. त्या दहा वर्षांत आबांची बीपीची गोळी कधी चालू असायची, कधी बंद.

आधी शब्दाचा घोळ सोडवू

आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं. अर्धांगवायू या शब्दातही वायूच बसलाय. ऐकणाऱ्याला वाटतं, दुखणं हातापायात आहे, म्हणजे उपायही हातापायावर: चोळा, शेका, लेप लावा. प्रत्यक्षात हातपाय शाबूत असतात. बिघाड झालेला असतो मेंदूच्या रक्तवाहिनीत. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला 15 ते 20 टक्के वाटा तो एकटा घेतो. शिल्लक टाकायची त्याची पद्धत नाही. पुरवठा थांबला की पेशी मरायला लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी जातात, असा हिशेब 2006 मध्ये मांडला गेला.

झटक्याचे प्रकार मुख्यतः दोन. एकात गुठळी अडकून रक्तवाहिनी बंद होते. बहुतेक झटके या जातीचे. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि दोघांचे उपचार एकमेकांच्या उलट. कोणता झटका आहे ते सीटीसारख्या स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही, भल्या मोठ्या डॉक्टरलाही नाही. म्हणून स्कॅन आधी, औषध नंतर.

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि बहुतेकांचं बोलणंही डावीकडेच असतं. त्यामुळे उजवा हात-पाय गेला की बरेचदा वाचाही जाते. उजव्या मेंदूचा झटका वेगळाच फसवतो. डावा हात लोंबत असतो आणि माणूस ठासून सांगतो, मला काही झालेलं नाही. तो खोटं बोलत नसतो, आपला हात गेलाय हेच त्याच्या मेंदूला कळत नसतं. म्हणून झटक्याच्या बाबतीत पेशंटच्या शब्दावर जाऊ नका. आबांचं 'पित्त' आम्ही मान्य केलं, ती पहिली चूक.

ओळखायचं कसं: एका मिनिटाचं काम

माणसाला बसवा आणि म्हणा, "दात दाखवा." तोंडाचा एक कोपरा खाली राहतो का बघा. मग दोन्ही हात समोर धरायला सांगा, तळवे आभाळाकडे, डोळे मिटून, दहा आकडे मोजेपर्यंत. एक हात हळूहळू खाली घसरतो किंवा उचलतच नाही. मग एखादं साधं वाक्य म्हणायला लावा: "उद्या मंगळवारचा बाजार आहे." शब्द लडखडतात, भलतेच येतात किंवा येतच नाहीत. याशिवाय दोन गोष्टी: अचानक तोल जाणं, आणि अचानक एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं. तोल गेलेल्या माणसाला 'प्यायलाय' म्हणून बाजूला बसवून ठेवल्याचे प्रकार गावोगाव घडतात.

कळीचा शब्द 'अचानक'. यातली एक गोष्ट जरी अचानक झाली तरी निघायचं, पाचही व्हायची वाट बघायची नाही. गुठळीच्या झटक्यात बहुधा काही दुखत नाही आणि घात तिथेच होतो. छातीत कळ आली की माणूस घाबरून दवाखान्यात जातो, हात बधिर झाला की झोपून बघतो. उलट, आयुष्यात कधी झालं नाही असं भयंकर डोकं एकाएकी दुखायला लागलं, उलटी झाली, मान ताठली, तर रक्तस्राव असू शकतो.

नुसतंच तोंड वाकडं झालंय, हात-बोलणं ठीक आहे, आणि त्या बाजूच्या कपाळालाही आठी पडत नाही, असं असेल तर चेहऱ्याच्या नसेचा वेगळा विकार असू शकतो. पण हा निवाडा घरी करू नका. तो करायला डॉक्टर आहेत.

वेळ लिहा, फोन लावा

झटका दिसला कधी, ही वेळ पुरत नाही. माणूस शेवटचा नीट होता ती वेळ लागते. रात्री दहाला गप्पा मारून झोपले आणि सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं, तर डॉक्टर घड्याळ रात्री दहापासून मोजतात. मध्ये दोनला पाणी प्यायला उठले होते आणि नीट चालत गेले होते हे कुणाला आठवलं, तर ते चार तास परत मिळतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाला विचारा. मोबाइलमधलं शेवटचं संभाषणही कामाला येतं.

गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. 1995 च्या अमेरिकी चाचणीत ही मर्यादा 3 तासांची होती, 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीनंतर ती साडेचारवर आली. पण साडेचार ही शेवटची गाडी आहे, तिची वाट बघत थांबायचं नसतं. पहिल्या तासात दिलेल्या इंजेक्शनची बरोबरी चौथ्या तासातलं करत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढता येते. ते साधारण 6 तासांत, आणि निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत आहे. झोपेतून उठतानाच झटका दिसला तर 'आता उशीर झाला' असं आपणच ठरवू नका. काही ठिकाणी एमआरआय बघून अशा पेशंटलाही इंजेक्शन देतात.

फोन 108 ला. सांगायचं वाक्य एवढंच: "लकव्याचा झटका आहे, अमुक वाजता सुरू झालाय." रुग्णवाहिकेला फारच वेळ लागणार असेल तर मिळेल ती गाडी काढा, पण कुठे जायचं ते ठरवून. जवळचा दवाखाना, मग त्याहून थोडा मोठा, मग जिल्हा, अशा पायऱ्या चढण्यातच वेळ जातो. निघताना रुग्णालयात फोन करून तीनच गोष्टी विचारा: सीटी मशीन आत्ता चालू आहे का, रात्रीही माणूस असतो का, आणि झटक्याचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का. तिसऱ्याला 'नाही' आलं तर पुढचं रुग्णालय बघा, मग ते अर्धा तास लांब का असेना.

गाडी येईपर्यंत हात आवरा

तोंडातून काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, साखर नाही, अंगारा घातलेलं तीर्थही नाही. गिळण्याचे स्नायू गेलेले असतील तर घोट अन्ननलिकेत न जाता फुप्फुसात जातो आणि काही दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. आबांना तो झालाच. पहिला आठवडा झटक्यापेक्षा त्या एक कप चहाशी लढण्यात गेला.

अ‍ॅस्पिरिन देऊ नका. हार्ट अ‍ॅटॅकचं ऐकलेलं इथे लावलं आणि झटका रक्तस्रावाचा निघाला, तर आगीत तेल. जिभेखालची गोळी नको. बीपी 190 दिसलं म्हणून जादा बीपीची गोळीही नको. अडलेल्या रक्तवाहिनीपलीकडे रक्त पोहोचावं म्हणून शरीरच त्या वेळी दाब वाढवतं, तो एकदम पाडला तर उरलासुरला पुरवठाही तुटतो. इंजेक्शन द्यायचं तर दाब 185/110 च्या खाली आणतात, पण ते रुग्णालयात, मोजून मापून. बोटांना आणि कानाच्या पाळ्यांना सुई टोचून रक्त काढा, हा मोबाइलवर फिरणारा सल्ला निव्वळ बाष्कळ आहे. कबुतराचं रक्त चोळणं त्याचाच मोठा भाऊ.

करण्यासारखं हे: माणूस गुंगीत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, कवळी काढा, गळ्याशी कपडे सैल करा. मधुमेह असेल आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा. साखर फार उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. आकडा लिहून घ्या आणि 108 वाल्यांना सांगा. गोळ्यांचा डबा जसाच्या तसा पिशवीत टाका. त्यात रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर ते पोहोचताक्षणी सांगायचं, कारण इंजेक्शनचा निर्णय त्यावर फिरतो. आधार कार्ड आणि रेशन कार्ड बरोबर असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. कोणता उपचार योजनेत बसतो हे त्याच्याकडून त्याच दिवशी विचारून घ्या, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

सही कोण करणार?

ही पायरी कुठल्या पत्रकात छापलेली नसते. डॉक्टर सांगतात, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येईल, पण मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका आहे. 1995 च्या चाचणीत शंभरातल्या साधारण सहा जणांना तो झाला होता. आणि तरीही इंजेक्शन घेतलेले जास्त जण तीन महिन्यांनी आपल्या पायावर उभे होते. हे ऐकल्यावर आपल्याकडे काय होतं? पुण्याच्या काकांना फोन लागतो. ते म्हणतात, माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारतो. मुंबईच्या आत्याचा फोन बंद असतो. धाकटा म्हणतो, दादा येऊ दे. चाळीस मिनिटं गेली. मिनिटाला 19 लाखांच्या हिशेबाने काय गेलं ते तुम्हीच मांडा.

म्हणून आज, सगळे ठीक असताना, जेवायला बसल्यावर विषय काढा. आबा-आईंना विचारा, अशी वेळ आली तर निर्णय कुणी घ्यायचा. एकाचं नाव ठरवा आणि बाकीच्यांनी नंतर त्याला बोल लावायचा नाही, हेही ठरवा. अभद्र बोलतोय म्हणून आई रागावेल. रागावू द्या.

एक बारीक गोष्ट. पहिल्या काही तासांत सीटी 'नॉर्मल' येऊ शकतं. त्याचा अर्थ झटका नाही असा होत नाही. रक्तस्राव नाही, एवढाच होतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी नेतो' म्हणणारे नातेवाईक मी त्या वॉर्डात माझ्या डोळ्यांनी पाहिले.

अर्ध्या तासात बरं झालं, म्हणजे सुटलो?

हात बधिर झाला, शब्द अडखळले, आणि वीस मिनिटांत सगळं पहिल्यासारखं. घरचे म्हणतात, थकवा होता. याला मिनी स्ट्रोक म्हणतात. गुठळी अडकली आणि सुटली, एवढंच घडलेलं असतं. पुढचा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, ईसीजी आणि गोळ्या सुरू, एवढ्यानेही पुढचा अनर्थ बऱ्याच अंशी टळतो. आबांना आदल्या महिन्यात असं एकदा झालं होतं. शेतावर. कुणाला सांगितलं नाही, नंतर फिजिओथेरपी करताना सहज बोलून गेले.

घरी आल्यावर

गिळण्याची चाचणी होईपर्यंत नळीने अन्न देतात. ती नळी बघून जीव तुटतो आणि कुणीतरी चोरून शहाळ्याचं पाणी पाजतं. पाजू नका. परवानगी मिळाल्यावरही बसवून, हनुवटी थोडी खाली, घट्टसर पदार्थ आधी: मऊ भात, रव्याची खीर. पाणी गिळायला सगळ्यात अवघड, ते शेवटी.

अंथरुणावर असेपर्यंत दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड आणि टाचा रोज बघा. लालसर डाग दिसला की जखम होऊ घातलीय. लुळ्या हाताखाली उशी ठेवा. उठवताना तो हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निसटतो आणि मग महिनोन्‌महिने ठणकतो. मी पहिले पंधरा दिवस असंच ओढत होतो. फिजिओथेरपिस्टने बघितलं, काही न बोलता आबांच्या कमरेला घरातलाच पंचा घट्ट बांधला आणि तो धरून त्यांना उभं करून दाखवलं.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, म्हणून व्यायामात खंड नको. त्यानंतरही ती थांबत नाही, फक्त संथ होते. जोतिराव फुल्यांना 1888 मध्ये पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं. त्यांनी डाव्या हाताने लिहायचा सराव करून आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. आबांनी डाव्या हाताने भाकरी मोडायला शिकायला दोन महिने घेतले. वाचा गेलेल्यांसाठी स्पीच थेरपी असते. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे. त्यांच्यासमोर त्यांच्या इस्टेटीच्या गोष्टी करू नका.

झटक्यानंतर सुमारे तिघांत एकाला नैराश्य येतं. व्यायाम टाळणं, जेवणावरून चिडणं, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं ही त्याची रूपं. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. देवस्थानाला न्यायचं असेल तर जरूर न्या, पण गोळ्या बरोबर घेऊन, आणि व्यायाम तिथेही चालू ठेवून.

दहा वर्षं आधी

आता खरं काम. बत्तीस देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की झटक्याच्या धोक्यापैकी नव्वद टक्के धोका दहाच गोष्टींत सामावतो, आणि त्या साऱ्या बदलता येण्याजोग्या आहेत. दहांत पाटलाच्या जागी बसलाय रक्तदाब.

बीपी दुखत नाही, हाच त्याचा दोष. आबांची गोष्ट तीच: गोळी सुरू केली, महिन्याने दाब 130 आला, "आता नॉर्मल आहे" म्हणून गोळी बंद. अहो, नॉर्मल गोळीमुळे आला होता. वरचा आकडा 10 ने खाली ठेवला तर झटक्याचा धोका साधारण चौथाईने घटतो. गोळीची सवय लागते ही भीती खोटी. सवय लागत नाही, गरज राहते.

मोजण्यातही गफलत होते. जिना चढून आल्या आल्या, गप्पा मारत, चहाच्या घोटानंतर घेतलेला आकडा कामाचा नाही. चहा आणि तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही. घरच्या मोजमापाची सरासरी 135/85 च्या वर येत राहिली तर डॉक्टरांकडे जा. वही ठेवा, मशीनची आठवण भरवशाची नसते.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, भाजीतलं-कणकेतलं सगळं धरून. आपलं जातं कुठे? लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, सुकट, आणि ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेली ती चिमूट. सैंधव हेही मीठच, त्याने सुटका नाही. चीनच्या 600 खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, तेव्हा झटके 14 टक्क्यांनी कमी झाले. 2021 मध्ये निष्कर्ष आले. असं मीठ आपल्याकडेही मिळतं, पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तंबाखूचं काय लिहू? गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि टपरीवर पुडी मिळते. एवढंच सांगतो की मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे. दात घासायचं निमित्त करून ती घेणाऱ्या आज्या-काकवांना 'तुम्हाला व्यसन आहे का' विचारलं तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात. डॉक्टरांना तुम्ही सांगा.

मनगटावर नाडी धरून बघा. ठोके एका लयीत न पडता कधी लवकर, कधी उशिरा असे बेताल पडत असतील तर ईसीजी काढा. या विकारात हृदयात गुठळ्या होतात आणि झटक्याचा धोका सुमारे पाचपट होतो. त्यावर रक्त पातळ करण्याची वेगळी औषधं लागतात, नुसत्या अ‍ॅस्पिरिनने भागत नाही. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप आकसलेल्यांनी तर ही तपासणी टाळूच नये.

साखर, कोलेस्टेरॉल, दारू, पोटाचा घेर यांचं वेगळं सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तरुणांसाठी मात्र दोन-तीन गोष्टी, ज्या फारशा कुणी सांगत नाही. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडाकडा मोडून घेऊ नका; मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून धडधाकट माणसाला झटका येऊ शकतो. बाळंतिणीला 'पोट सुटेल' म्हणून पाणी तोडू नका. बाळंतपणानंतर रक्त आधीच लवकर गोठतं, त्यात पाणी कमी पडलं की मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. गुठळीच्याच भीतीने, गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, डॉक्टरांना आपला आजारांचा इतिहास सांगून मगच घ्या.

कपाटाच्या दारावरचा कागद

आमच्या स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आता आतून एक कागद चिकटवलाय. वर 108. खाली दोन रुग्णालयांची नावं आणि कॅज्युअल्टीचे नंबर, जिथे आम्ही दुपारी आणि रात्री दोनला, असे दोन्ही वेळा फोन करून सीटीबद्दल विचारून घेतलं. आबा-आईंच्या गोळ्यांची नावं, मात्रेसकट. सही कुणी करायची त्याचं नाव. 'शेवटचे नीट कधी होते' असं लिहून पुढे मोकळी जागा, आणि दोरीने बांधलेलं पेन. सगळ्यात खाली रात्री-अपरात्री गाडी काढेल अशा शेजाऱ्याचा नंबर. त्याला आधी जाऊन विचारा. आमच्या तात्यांनी विचारल्यावर हसून सांगितलं की त्यांना रात्री दिसत नाही, तेव्हा आम्ही पुढच्या घरी गेलो.